अडीच तोळ्यांचा टालर: तीस वर्षांच्या युद्धातील जर्मन चांदीची नाणी जमवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातील जुनी नाणी जमवू लागलेले मराठी संग्राहक जर्मन टालर या जाड चांदीच्या नाण्यापाशी आले की बहुधा गोंधळतात, कारण राज्ये शेकडो, टांकसाळी त्याहून अधिक आणि त्यात युद्धकाळ. पुढील प्रश्न गेल्या काही वर्षांत अनेकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरांत एक आग्रह सतत दिसेल तो असा, की या काळातील नाणे आधी तराजूत घालावे आणि मग त्यावरचा चेहरा पाहावा.

युद्धकाळातील जर्मन नाणी म्हणजे नेमकी कोणती?

येथे मुख्यतः १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात पवित्र रोमन साम्राज्याच्या जर्मन भाषक प्रदेशांत पाडलेली चांदीची नाणी अभिप्रेत आहेत. त्या साम्राज्यात नाणी पाडण्याचा अधिकार केवळ सम्राटाकडे नव्हता. इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे), ड्यूक, बिशप, काउंट आणि न्यूर्नबर्ग किंवा आउग्सबुर्गसारखी मुक्त शहरे अशा सर्वांच्या आपापल्या टांकसाळी होत्या, आणि त्यामुळे एकाच वर्षी एकाच वजनाचे नाणे डझनावारी चेहऱ्यांनी बाजारात फिरत असे. या नाण्यांचे ढोबळ तीन प्रकार पडतात: नियमाप्रमाणे पाडलेले खरे टालर, १६२० च्या आसपासची हिणकस किप्पर नाणी आणि वेढ्यात सापडलेल्या शहरांनी घाईघाईने ठोकलेली चौकोनी संकट-नाणी. नंतरच्या युद्धांतील काही नाण्यांचाही पुढे उल्लेख आहे.

टालरमध्ये चांदी किती असे?

बोहेमियातील योआखिमस्टाल येथे श्लिक घराण्याने १५२० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर चांदीची जाड नाणी पाडली. त्यांना ‘योआखिमस्टालर’ आणि पुढे नुसते ‘टालर’ म्हणू लागले. ‘डॉलर’ हा शब्द त्यातूनच आला. १५६६ मध्ये साम्राज्याच्या नाणे-नियमांत या टालरला अधिकृत स्थान मिळाले. शुद्ध चांदीच्या एका कोलोन मार्कमधून, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅममधून, ९ टालर पाडावेत असे ठरले. त्यानुसार एका नाण्याचे वजन २९.२ ग्रॅम, कस हजारी ८८९ आणि त्यातील शुद्ध चांदी जवळजवळ २६ ग्रॅम होती.

आपल्या हिशेबात हे वजन बरोबर अडीच तोळे भरते. त्याच काळात सुरतेच्या मुघल टांकसाळीत पडणारा रुपया एका तोळ्याच्या थोडा आत असे आणि त्याची चांदी टालरपेक्षा अधिक शुद्ध असे. ‘अडीच तोळे’ हा आकडा मनात पक्का बसवावा, कारण निम्म्याहून अधिक संशयास्पद नाणी त्याच्यापाशीच उघडी पडतात.

‘किप्पर आणि विपर’ हा काय प्रकार होता?

सैन्य उभे करण्यासाठी राजांना रोख रक्कम हवी होती, पण चांदी तेवढी नव्हती. १५६६ च्या नियमांची खरी मेख अशी की त्यांनी लहान नाण्यांतही भरपूर चांदी ठेवायला लावली होती, त्यामुळे सुटी नाणी पाडणे हा टांकसाळींना आतबट्ट्याचा व्यवहार होई. त्यातून पळवाट म्हणून क्रॉइट्झर आणि ग्रोशनसारख्या लहान नाण्यांत तांबे वाढवले जाऊ लागले. १६१९ ते १६२३ या काळात याचा कळस झाला. शेजारच्या राज्यातील चांगली, जड नाणी तराजूवर निवडून काढायची, ती वितळवून हलकी नाणी पाडायची आणि तीच पुन्हा शेजारच्या बाजारात खपवायची, असा हा उद्योग होता. ‘विपर’ हे नाव तराजूच्या पारड्याच्या वरखाली होण्यावरून आले; ‘किप्पर’चा संबंध कोणी पारडे कलवण्याशी जोडतो, तर कोणी नाण्याची कोर कातरण्याशी.

ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या ड्यूक फ्रीडरिश उलरिशच्या राज्यात तर अशा टांकसाळींचे पेवच फुटले. मठांच्या आणि रिकाम्या इमारतींतही ठसे ठोकले जाऊ लागले. जानेवारी १६२२ मध्ये प्रागला एका मंडळीने सम्राटाकडून बोहेमिया, मोराविया आणि खालच्या ऑस्ट्रियातील टांकसाळींचा मक्ता एका वर्षासाठी घेतला. त्यात सावकार हान्स दे विटे, राज्यपाल कार्ल फॉन लिख्टेनश्टाइन, याकोब बासेवी आणि पुढे सेनापती म्हणून गाजलेला वालेनश्टाइन हे भागीदार होते. करारानुसार एका मार्क चांदीतून ७९ गुल्डनची (एक गुल्डन म्हणजे ६० क्रॉइट्झर) नाणी पाडण्याची त्यांना मुभा मिळाली. प्रागचा मार्क कोलोनच्या मार्कपेक्षा थोडा जड होता, हे लक्षात घेऊनही हा आकडा डोळे विस्फारायला लावतो, कारण नियमाचे ९ टालर म्हणजे १६२३ मध्ये पुन्हा ठरलेल्या दराने अवघे साडेतेरा गुल्डन होतात.

परिणाम व्हायचा तो झाला. १५६६ मध्ये ६८ क्रॉइट्झरला मिळणारा खरा टालर १६२२ मध्ये दक्षिण जर्मनीत काही ठिकाणी ६०० क्रॉइट्झरच्या घरात गेला. मजुरी आणि व्याज ज्यांना हिणकस नाण्यांत मिळत होते ते बुडाले, आणि पाव व मांसविक्रेते ती नाणी घेईनासे झाले. आपल्याकडे सराफ झिजलेल्या रुपयावर बट्टा कापत असे. येथे मात्र खुद्द सरकारी शिक्क्यावरच बट्टा कापण्याची पाळी आली. हाम्बुर्गची ठेव-पेढी १६१९ मध्ये आणि न्यूर्नबर्गची १६२१ मध्ये निघाली, ती याच गोंधळातून व्यापाऱ्यांच्या हिशेबाला स्थिर माप मिळावे म्हणून. १६२३ पासून राज्ये पुन्हा जुन्या टालरकडे वळली आणि त्याचा दर ९० क्रॉइट्झर ठरला.

अशी हिणकस नाणी संग्रहात ठेवावीत का?

अवश्य ठेवावीत. नव्या संग्राहकाने तर सुरुवातच त्यांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १२ आणि २४ क्रॉइट्झरची किप्पर नाणी साधारणपणे वीस ते पन्नास युरोंत मिळतात, त्यांच्या बनावट प्रती करणे कोणाला परवडत नाही, आणि त्या काळाची गोष्ट त्यांच्याइतकी स्वच्छपणे कोणतेही सुंदर नाणे सांगत नाही. माझ्याकडील १६२१ च्या एका नाण्याच्या उठावाच्या जागी, म्हणजे राजाच्या नाकावर आणि ढालीच्या कडेवर, चांदीचा मुलामा उडून तांब्याचा लालसर रंग वर आला आहे. खोलगट भागांत मात्र तो मुलामा अजून पांढरा आहे. हातात घेताच ते चकतीसारखे हलके वाटते. असे नाणे ‘खराब’ म्हणून परत करणारे पाहिले आहेत, पण ते विकत घ्यायचे कारण तेच असते.

सॅक्सनीचे किप्पर टालर हा मात्र वेगळा विभाग आहे. त्यांच्यावर ४० किंवा ६० ग्रोशन असे फुगवलेले मूल्य छापलेले असते. दिसायला ती ऐटबाज असल्याने त्यांची किंमतही बरीच चढी असते.

पहिला खरा टालर कोणता घ्यावा?

सॅक्सनीचा इलेक्टर योहान गेओर्ग पहिला याचा, ड्रेस्डेनला पाडलेला टालर. त्याने १६११ ते १६५६ असे दीर्घ काळ राज्य केले आणि एर्त्सगेबिर्गे डोंगरातील खाणींमुळे त्याच्याकडे चांदी होती, त्यामुळे त्याचे टालर आजही मुबलक आहेत. मध्यम स्थितीतले नाणे काही शे युरोंत मिळते. एका बाजूला चिलखतातील इलेक्टर खांद्यावर तलवार टेकवलेला दिसतो, तर दुसऱ्या बाजूला शिरस्त्राणांची गर्दी असलेली ढाल असते. त्याच्या पदव्यांत युलिश, क्लेव्ह आणि बेर्ग या प्रदेशांची नावे येतात. त्या प्रदेशांवर त्याचा वारसाहक्काचा दावा होता, पण ते त्याच्या ताब्यात कधीच आले नाहीत. नाण्यावर लिहिलेले सगळे खरे मानू नये, याचा पहिला धडा येथेच मिळतो.

टांकसाळप्रमुखाची आद्याक्षरे शोधणे हा या नाण्यांचा खरा आनंद आहे. १६२४ पर्यंत हाइनरिश फॉन रेहनेन, १६३५ पर्यंत हान्स याकोब, १६४० पर्यंत झेबाल्ड डियरलेबर आणि त्यानंतर कॉन्स्टांटिन रोटे असे चौघे मुख्यत्वे येतात. सन पुसट झाला असेल तर ही अक्षरे कालखंड सांगतात, आणि सन व अक्षरे जुळत नसतील तर नाणे सरळ खाली ठेवावे. सॅक्सनी नको असेल तर टिरोलमधील हाल येथे पाडलेला आर्चड्यूक लेओपोल्डचा १६३२ चा टालरही सहज मिळतो.

‘पाद्र्यांचा शत्रू’ असे लिहिलेले नाणे खरोखर आहे का?

आहे, आणि ते या काळातील सर्वांत उद्धट नाणे असावे. ब्राउनश्वाइगचा ड्यूक ख्रिश्चन हा हाल्बरश्टाटचा प्रोटेस्टंट प्रशासक होता आणि लोक त्याला ‘वेडा हाल्बरश्टाटकर’ म्हणत. त्याने १६२२ मध्ये पाडरबोर्न घेतले आणि तेथील कॅथेड्रलमधील संत लिबोरिउसची मौल्यवान अस्थिपेटी वितळवली. लिपश्टाटला त्या चांदीचे टालर पाडले गेले. त्यांच्या एका बाजूला ‘देवाचा मित्र, पाद्र्यांचा वैरी’ या अर्थाचे जर्मन शब्द आहेत आणि दुसऱ्या बाजूला ढगातून बाहेर आलेला तलवारधारी हात आहे. गंमत अशी, की किप्परच्या ऐन भरात लुटीतून पाडलेले हे नाणे कसाला मात्र चोख होते. भाडोत्री सैनिक हलके नाणे घेत नसत, हे त्यामागचे साधे कारण असावे. संतांच्या अस्थी १६२७ मध्ये परत आल्या आणि त्यांच्यासाठी नवी पेटी घडवली गेली.

हे नाणे घेताना अत्यंत सावध राहावे. मागणी मोठी असल्याने ओतीव प्रती, नंतरच्या काळातील पदके आणि स्मरणिका असे सर्व काही याच नावाने विकले जाते, आणि खऱ्या नाण्याची किंमत हजाराच्या पुढेच मोजावी लागते.

जर्मन नाण्यांवर स्वीडनचा राजा कसा आला?

गुस्टाव आडोल्फ १६३० मध्ये युद्धात उतरला. सप्टेंबर १६३१ मध्ये ब्राइटेनफेल्डला त्याने सम्राटाच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा एरफुर्टला विजयाचा टालर निघाला. त्यावर ‘हे प्रभूकडून घडले’ या अर्थाचे लॅटिन स्तोत्रवचन आणि तेजोवलयात हिब्रू अक्षरांत देवाचे नाव आहे. १६३२ मध्ये स्वीडनच्या बाजूला गेलेल्या आउग्सबुर्ग आणि न्यूर्नबर्ग या शहरांनी सम्राटाऐवजी गुस्टाव आडोल्फचे नाव व चेहरा नाण्यावर घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ल्युट्झेनच्या रणांगणावर तो पडला आणि पुढच्या वर्षी वोल्गास्टहून त्याचा देह स्वीडनला नेताना मृत्यूचे स्मारक-टालर पाडले गेले.

आउग्सबुर्गचा १६२० च्या दशकातील, सम्राट फर्डिनांड दुसरा याच्या नावाचा टालर आणि १६३२ चा स्वीडिश टालर शेजारी ठेवले की शहराचे पाइनच्या फळाचे चिन्ह दोन्हीकडे तेच दिसते आणि धनी तेवढा बदललेला दिसतो. ही जोडी मिळवायला मला बराच काळ लागला.

चौकोनी नाणी म्हणजे काय? ती इतकी ओबडधोबड का असतात?

वेढा पडला की शहराबाहेरून रोकड येणे थांबते, पण शिबंदीला पगार द्यावाच लागतो; न दिल्यास बंड किंवा फितुरी ठरलेली. अशा वेळी किल्लेदार ताटे, पेले आणि चर्चमधील भांडी गोळा करून त्यांचे तुकडे कापवत असे आणि त्यांवर शहराचे चिन्ह, सन व मूल्य यांचे छोटे ठसे मारवत असे. गोल चकती कापायला वेळ आणि हत्यारे लागतात, चौकोन कात्रीनेही निघतो. म्हणून ही ‘क्लिप्पे’ चौकोनी असतात. १५२९ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्यातही अशी नाणी पडली होती. तीस वर्षांच्या युद्धातील युलिश, फ्रांकेंथाल, माग्डेबुर्ग आणि ब्राइसाख येथील क्लिप्पे प्रसिद्ध आहेत. १६२१-२२ मध्ये युलिशचा डच किल्लेदार पिथान याने काढलेल्या काही तुकड्यांवर मूळ ताटाची नक्षी किंवा कडेचा उंचवटा अजून दिसतो. पुढे स्पेनच्या वारसायुद्धात लांडाऊच्या किल्ल्यात १७०२ मध्ये फ्रेंच सेनापती मेलाकने, तर १७१३ मध्ये सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या व्युर्टेम्बर्गच्या कार्ल आलेक्झांडरने हाच मार्ग धरला.

येथे अडीच तोळ्यांचा नियम चालत नाही. तुकड्यांचे वजन बरेच कमीअधिक असते, म्हणून या विभागात केवळ जुन्या संग्रहाचा किंवा जुन्या लिलावाचा दाखला असलेले नाणेच घ्यावे. मुख्य म्हणजे या विभागात घाई करू नये.

खोटे किंवा दुरुस्त केलेले नाणे घरच्या घरी कसे ओळखावे?

दशांश दोन स्थळांपर्यंतचा काटा, एक पेला पाणी, दोरा आणि दहापट भिंग एवढे पुरते. खरा टालर साधारण २८.५ ते २९.२ ग्रॅम भरतो. नंतर दोऱ्याला बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवावा, पेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये आणि पाण्यातील वजन घ्यावे. समजा, हवेतील वजन २८.९५ ग्रॅम आले आणि पाण्यात २.८१ ग्रॅम घट आली, तर भागाकार १०.३ येतो. ८८९ कसाच्या चांदीची घनता हीच आहे. आकडा ९ च्या जवळ आला तर आत तांबे किंवा पितळ आहे.

वजनाने न सापडणारा दोष म्हणजे काढलेली कडी. आपल्याकडे पुतळ्यांची माळ करतात तसे जर्मन घरांतही टालरला कडी लावून ते गळ्यात किंवा कपड्यांवर मिरवत. पुढे कडी काढून ती जागा घासून, डाक भरून सपाट केली जाते. माझा दुसराच टालर असा निघाला. विक्रेत्याच्या छायाचित्रात प्रकाश बरोबर त्या जागेवर पाडलेला होता. घरी आल्यावर खिडकीपाशी कोर फिरवून पाहिली, तेव्हा घड्याळातल्या बाराच्या जागी दोन अक्षरे शेजारच्या अक्षरांपेक्षा बोथट आणि त्यांच्यामागची जमीन कमालीची गुळगुळीत दिसली. कोर सर्व बाजूंनी दाखवा, असे आधी विचारले असते तर पैसे वाचले असते. तेव्हापासून कोरेचे छायाचित्र आल्याशिवाय मी व्यवहार करत नाही.

नाणे किंचित वाकलेले आहे. ते परत करावे का?

त्याच कारणावरून करू नये. हालसारख्या टांकसाळींत चांदीची पट्टी कोरलेल्या रुळांमधून दाबून काढत आणि मग नाणी कापत. त्यामुळे नाण्याला हलकी कमान येते आणि आकार किंचित लांबट होतो. चकतीतील मूळची चीर किंवा खळगा हाही टांकसाळीतलाच दोष असतो. त्याने किंमत उतरते, पण नाण्याच्या खरेपणाला बाधा येत नाही.

जर्मन यादीतील स्थितीची अक्षरे कशी वाचावीत?

‘शोन’ याचा शब्दशः अर्थ ‘सुंदर’ असला तरी प्रत्यक्षात ते बरेच झिजलेले नाणे असते. ‘झेअर शोन’, म्हणजे ‘अतिसुंदर’, ही मध्यम स्थिती आणि ‘फोरत्स्युग्लिश’ ही उत्तम स्थिती समजावी. ‘हेंकेलश्पूर’ हा शब्द दिसला तर तेथे कडी होती असा अर्थ आहे. टालरसाठी डेव्हनपोर्टच्या टालर-सूचीतील क्रमांक दिलेला असतो. तो जुळवून पाहावा. बोलीवर साधारण पाचव्या हिश्श्याइतके किंवा त्याहून अधिक लिलावगृहाचे शुल्क चढते, हेही आधीच हिशेबात धरावे.

नाणे काळे पडले आहे. स्वच्छ करावे का?

नाही. देवघरातील भांड्यांना चालणारी रांगोळी, चिंच किंवा टूथपेस्ट येथे चालत नाही. शतकांची राखाडी झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि घासलेल्या नाण्याची किंमत सरळ निम्म्यावर येऊ शकते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे हिरवट चिकटा धरतो, म्हणून तीही टाळावीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यापुरत्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

आमच्या घरी १७८० सालचा मारिया थेरेसाचा टालर आहे. तो याच प्रकारात मोडतो का?

बहुधा नाही. सम्राज्ञीच्या मृत्यूनंतरही १७८० हाच सन ठेवून हा टालर अनेक देशांत पाडला जात राहिला, कारण तांबड्या समुद्राच्या किनारी बाजारांना नेमके तेच रूप हवे असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० आणि १९४१ मध्ये, तो खुद्द मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. वजन २८.०७ ग्रॅम आणि कस हजारी ८३३, म्हणजे जुन्या टालरपेक्षा एक ग्रॅमहून अधिक हलका. तो सतराव्या शतकातील नाणे म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जावे. तरी घरचा असेल तर मुंबईच्या युद्धकालीन नाण्याचा तुकडा म्हणून त्याला आपले वेगळे मोल आहेच.

भारतात अशी नाणी ठेवण्यास कायद्याची अडचण आहे का?

नाणे बाळगण्यास अडचण नाही. अडचण ते बाहेर नेताना येते. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते आणि खासगी व्यक्तीला ते निर्यात करता येत नाही. म्हणून परदेशी राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी आपला संग्रह गावी आणण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आयात करताना सीमाशुल्काचे नियम जाणकाराला विचारून घ्यावेत आणि लिलावाचे मूळ बिल जपावे. जर्मनीतील बहुतेक राज्यांत जमिनीत सापडलेल्या ठेव्यावर राज्याचा हक्क असतो, म्हणून ‘शेतात सापडले’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

सात वर्षांच्या युद्धातील नाणीही जमवावीत का?

जमवावीत, कारण किप्परचा प्रयोग तेथे पुन्हा झालेला दिसतो. १७५६ मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रीडरिशने सॅक्सनी व्यापले आणि लाइपत्सिशची टांकसाळ एफ्राइम आणि इत्सिग या सावकारांकडे मक्त्याने गेली. तेथे सॅक्सनीच्याच इलेक्टरच्या शिक्क्याने, जुने सन घालून, कमी चांदीची नाणी पाडली गेली. ‘बाहेरून फ्रीडरिश, आतून एफ्राइम’ असा टोमणा लोकांच्या तोंडी झाला खरा, पण नफ्याचा मोठा वाटा राजाच्या युद्धखर्चात जात होता हे त्या टोमण्यात येत नाही.

युद्ध संपल्याचे एखादे नाणे सुचवाल का?

वोल्फेनब्युटेलमधून सम्राटाचे सैन्य हटले तेव्हा ड्यूक आउगुस्टने १६४३ मध्ये काढलेले सात प्रकारचे ‘घंटा-टालर’ सुंदर आहेत, पण महाग आहेत. माझी निवड न्यूर्नबर्गच्या १६५० च्या छोट्या चौकोनी चांदीच्या तुकड्याची राहील. युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या तहाच्या अंमलबजावणीची बोलणी तेथे चालू असताना, सम्राटाचा सेनापती पिकोलोमिनी मुलांना आठवण-नाणे देणार अशी अफवा पसरली आणि काठीच्या घोड्यांवर स्वार झालेली पोरे त्याच्या मुक्कामापुढे जमली. त्याने त्यांना आठवड्याने परत यायला सांगितले आणि दरम्यान खरोखरच नाणी पाडून घेतली. एका बाजूला काठीच्या घोड्यावरचा मुलगा व शांततेच्या स्मरणाचे शब्द, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि सम्राटाचा जयजयकार. हा तुकडा जेमतेम नखाएवढा आहे. याच्याही प्रती पुष्कळ निघाल्या आहेत, तेव्हा काटा जवळ ठेवावा.